मूल केडगावात, तज्ज्ञ पुण्यात

प्रस्तावना

ऑटिझम असलेल्या मुलाच्या संगोपनाविषयी जे लिहिलं जातं, ते बहुतांशी शहरातल्या घराला डोळ्यासमोर ठेवून. त्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर थेरपी सेंटर असतं, बालविकासतज्ज्ञाची वेळ उशिरा का होईना मिळते, आईला इंग्रजी वाचता येतं. शुभांगी वैद्य यांचा या विषयावरचा महत्त्वाचा समाजशास्त्रीय ग्रंथ २०१६ साली इंग्रजीत आला. ‘ऑटिझम अँड द फॅमिली इन अर्बन इंडिया’ हे त्याचं नाव, आणि अभ्यासाची हद्द त्यांनी नावातच प्रामाणिकपणे आखून दिली आहे. त्या हद्दीबाहेर, दौंड-शिरूरच्या ऊसपट्ट्यात, मळ्यातल्या वस्तीवर वाढणाऱ्या मुलाचं काय, या प्रश्नापासून प्रस्तुत पुस्तक सुरू होतं.

केडगाव पुणे-दौंड लोहमार्गावर आहे, पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. आजूबाजूला ऊस, गुऱ्हाळं, कांद्याचा बाजार. पुण्याला जाणं इथे कुणाला अवघड वाटत नाही. नोकरीसाठी, कॉलेजसाठी रोज लोक जातात. पण तीन वर्षांचं, अजून न बोलणारं, गर्दीला आणि भोंग्याला घाबरणारं मूल कडेवर घेऊन आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपीला जाणं ही वेगळी गोष्ट आहे. पाऊण तासाच्या सेशनसाठी अख्खा दिवस मोडतो. एका माणसाची मजुरी बुडते. मूल तिथे पोचेपर्यंत दमलेलं, चिडलेलं असतं आणि थेरपिस्टला त्याचं जे रूप दिसतं ते त्याच्या सगळ्यांत वाईट तासाचं. अशा फेऱ्या काही महिन्यांत थांबल्या, तर त्याला घरच्यांची हयगय म्हणणं अन्यायाचं आहे.

या पुस्तकाची भूमिका इथेच सांगून टाकायला हवी. लहान मुलाच्या बाबतीत उपचाराचा मोठा भाग घरात, जागेपणीच्या रोजच्या तासांमध्ये होतो आणि तो घरच्या माणसांना शिकवता येतो. मात्र ही जबाबदारी एकट्या आईच्या पदरात टाकून सरकारी यंत्रणेने मोकळं व्हावं, असा याचा अर्थ नाही. तज्ज्ञाने गावापर्यंत यायला हवं, निदान त्याचं ज्ञान तरी यायला हवं.

केडगावला अशा मुलांना शिकवण्याच्या कामाचा जुना वारसा आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्याला आणलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या तेव्हा केडगावची जमीन कामी आली. त्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. आलेल्यांमध्ये अंध होत्या, अपंग होत्या, उपासमारीने शरीर-मन दोन्ही खचलेल्या होत्या. रमाबाईंनी अंध मुली-बायकांसाठी स्वतंत्र सोय केली. त्यांची मुलगी मनोरमा ब्रेल शिकली आणि तिने ती इथे शिकवली. प्रत्येकीला हाताला काम होतं: विणकाम, शेती, छापखाना. दृष्टी नाही म्हणून शिक्षण थांबवायचं नाही, शिकवण्याची पद्धत बदलायची, हा विचार सव्वाशे वर्षांपूर्वी दौंड तालुक्यात अमलात आला होता. मुक्ती सदनाचंच पुढचं रूप असलेल्या मुक्ती मिशनमध्ये आजही निराधार स्त्रिया आणि मुलं राहतात.

त्या काळी ऑटिझम हे निदान कुठेच नव्हतं. ते आलं १९४३ मध्ये. बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली: आठ मुलगे, तीन मुली. माणसांकडे पाठ, वस्तूंकडे ओढ, ठरलेल्या क्रमात बदल झाला की कासावीस होणं, ऐकलेले शब्द जसेच्या तसे परत म्हणणं. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी भरपूर बोलणाऱ्या पण माणसांत न मिसळणाऱ्या मुलांविषयी लिहिलं. याच सुमाराला, १९४४ मध्ये, मुंबईत डॉ. होर्मसजी वकील आणि त्यांच्या पत्नी तेहमिना यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी शाळा सुरू केली. मुलीचं नाव जय. जय वकील शाळा आज देशातल्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या जुन्या आणि मोठ्या संस्थांपैकी एक आहे. आईबापांनी गरजेपोटी सुरुवात करायची आणि तज्ज्ञांनी नंतर येऊन सामील व्हायचं, असा क्रम या क्षेत्रात पुढे अनेकदा दिसतो.

कॅनर यांच्या अकरा मुलांतल्या पहिल्याची, मिसिसिपी राज्यातल्या डोनाल्ड ट्रिपलेटची गोष्ट शेतीच्या गावात वाचताना जास्त उमगते. आईवडिलांनी त्याला काही काळ एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं. मुलाला मोजण्याचं वेड. जोडप्याने ते मोडायचा प्रयत्न केला नाही. विहीर खोदायची होती, तर तिची खोली मोजून सांगायचं काम त्याला दिलं. मक्याच्या ओळी मोजायच्या असतील तर मोज, पण नांगर चालवता चालवता मोज, असं ठरवलं. कॅनर तिथे जाऊन आले तेव्हा हा मुलगा सरळ तास धरून नांगरत होता आणि त्या भागातल्या साध्या शाळेत त्याचा विक्षिप्तपणा सगळ्यांनी चालवून घेतला होता. तो पुढे बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायचा, गोल्फ खेळायचा, जग फिरला. २०२३ मध्ये, नव्वदीला टेकल्यावर तो वारला. त्याच अकरांपैकी ज्यांना सरकारी मनोरुग्णालयांत टाकलं गेलं, त्यांची अवस्था फार वाईट झाल्याचं कॅनर यांनीच १९७१ मध्ये नोंदवलं. मुळातली क्षमता सारखी नव्हती हे खरंच. पण अवतीभवतीच्या माणसांनी काय केलं, याने फरक पडला, हे इतक्या आधीपासून दिसत होतं.

तरी मधली वीस-पंचवीस वर्षं वाया गेली. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, हे मत पाश्चात्त्य मनोविश्लेषकांमध्ये रुजलं. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने त्याला मोठी प्रसिद्धी दिली. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड यांनी ऑटिझम मेंदूच्या जडणघडणीशी निगडित आहे असं मांडलं होतं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि ऑटिझम असलेल्या मुलाचे वडीलही. आज ऑटिझममध्ये आनुवंशिक घटकांचा वाटा मोठा असतो याविषयी शास्त्रज्ञांत वाद उरलेला नाही. लसीमुळे ऑटिझम होतो, असं सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

आपल्याकडे आईवरचा ठपका वेगळ्या रूपांत येतो. ग्रहणात बाहेर पडली असेल. गरोदरपणी नीट खाल्लं नाही. माहेरीच फार राहिली. आता त्यात मोबाईलची भर पडली आहे. जेवू घालताना हातात मोबाईल देण्याची सवय वाईटच. त्याने मुलाशी बोलण्याचा वेळ खाल्ला जातो आणि ती मोडायलाच हवी. पण समाजमाध्यमांवर फिरणारं ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हे मान्यताप्राप्त निदान नाही, आणि मोबाईल बंद केला की सगळं सुरळीत होईल या आशेवर घालवलेलं वर्ष मुलाच्या खात्यातून जातं.

महाराष्ट्रात या क्षेत्राची घडण अनेक बाजूंनी झाली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि निंबकरांच्या घरात सून म्हणून आलेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. आज पालकांच्या तोंडी सर्रास असलेलं ‘ओटी’ तिथून आलं. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाने आहे. पुण्यात १९६४ पासून कामायनी बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी काम करते आहे. १९७२ मध्ये मिथू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी काढली आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आणला; पुढे ही मुलं सर्वसाधारण शाळेतच का नकोत, हा प्रश्नही त्यांनी लावून धरला. १९९१ मध्ये ‘चौकट राजा’ हा चित्रपट आला आणि दिलीप प्रभावळकरांच्या नंदूने मराठी प्रेक्षकांच्या मनात बौद्धिक अपंगत्वाला एक चेहरा दिला. त्याच वर्षी दिल्लीत मेरी बरुआ यांनी ॲक्शन फॉर ऑटिझम सुरू केली. २००१ मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांचं उम्मीद हे बालविकास केंद्र मुंबईत उभं राहिलं. पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटरसारख्या संस्था फक्त ऑटिझमवर लक्ष ठेवून काम करू लागल्या.

यात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकचा उल्लेख राहून चालणार नाही. डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयामार्फत तिथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच माणसांना थोडं पण नेमकं शिक्षण दिलं तर ती आरोग्याचं मोठं काम पेलतात, हा त्यांचा विश्वास होता. आज आशाताई घरोघर जातात त्यामागे अशा अनेक प्रयोगांची पुण्याई आहे. बाळंतपण, लसीकरण, कुपोषण यांत जे जमलं ते बोलण्याच्या, खेळण्याच्या, नजर देण्याच्या विकासात का जमू नये?

जमतं, असं गोव्यातल्या एका अभ्यासाने दाखवलं. संगत या संस्थेने पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या संशोधकांबरोबर, दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांच्या कुटुंबांसह एक चाचणी घेतली. इंग्लंडमध्ये तयार झालेली पद्धत दक्षिण आशियातल्या घरांना जुळेल अशी बदलून घेतली आणि ती शिकवायला तज्ज्ञ नेमले नाहीत, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते नेमले. त्यांनी आईबाप मुलाशी खेळतानाचं चित्रण करायचं आणि मग ते आईबापांसोबत बसून पाहायचं. हा क्षण बघा, त्याने तुमच्याकडे पाहिलं. इथे तुम्ही घाईने पुढचा प्रश्न विचारलात. इथे थांबला असता तर त्याने हात पुढे केला असता. एवढंच. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त निष्कर्ष छापून आले. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. काही मोजमापांवर फरक दिसला नाही, हेही संशोधकांनी लिहिलं. त्या अभ्यासात चमत्कार नाही. पण केडगावसारख्या गावासाठी त्याच्याइतका उपयोगाचा पुरावा क्वचितच सापडेल.

उपचारांचे पंथ अनेक आहेत आणि नव्या पालकाला त्यांची नावं ऐकूनच धडकी भरते. सर्वांत जुना आणि सर्वांत वादग्रस्त म्हणजे वर्तन-विश्लेषणाचा, एबीए. कॅलिफोर्नियात इव्हार लोव्हास यांनी मोठं काम लहान लहान पायऱ्यांत तोडून, प्रत्येक पायरीला बक्षीस देत, आठवड्याला चाळीसेक तास शिकवायची पद्धत बसवली. १९८७ मध्ये त्यांनी १९ मुलांपैकी ९ जणांत लक्षणीय प्रगती झाल्याचं प्रसिद्ध केलं. जगभरचे पालक त्या आकड्यामागे धावले. या पंथाच्या सुरुवातीच्या काळात शिक्षाही होत्या, थप्पडसुद्धा, आणि ती आठवण मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक व्यक्तींच्या लिखाणातून आजही बोलते. पायऱ्या पाडून शिकवण्याचं तंत्र मोलाचं आहे. दात घासणं, चड्डी वर ओढणं, शी-शू सांगणं यासाठी त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. मूल कायम आज्ञेत राहावं म्हणून ते वापरायचं का, हा प्रश्न मात्र प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.

दुसरीकडे एरिक शॉपलर यांनी नॉर्थ कॅरोलिनात १९७२ पासून टीच ही पद्धत राज्यभर नेली. मूल बदलण्याआधी त्याच्या भोवतीची रचना बदला, हे तिचं सूत्र: दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावा, प्रत्येक कामाची जागा ठरवा. शॉपलर यांनी आईबापांना सहउपचारक मानलं, हे बेटेलहाइमच्या काळानंतर फार मोठं पाऊल होतं. स्टॅनली ग्रीनस्पॅन यांची फ्लोअरटाइम पद्धत सांगते, जमिनीवर बसा, मूल चाक फिरवत असेल तर तुम्हीही फिरवा, तिथून देवघेव सुरू करा. जीन एअर्स यांनी संवेदनांच्या एकत्रीकरणाचा विचार मांडला. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ पासून चित्र देऊन वस्तू मागण्याची पद्धत रुजवली. चित्रं वापरली तर मूल बोलणारच नाही, ही भीती अनाठायी आहे. संवादाची गोडी लागल्यावर शब्दांनाही मदत होते.

या सगळ्यांना वेगळं आव्हान आलं ते ऑटिस्टिक माणसांकडूनच. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर यांनी पालकांना उद्देशून, आमचा शोक करू नका, असं सांगितलं. ऑटिझम हा बरा करायचा आजार नसून मेंदूची वेगळी घडण आहे, हा विचार तिथून वाढला. ज्या मुलाला चार शब्द येत नाहीत, रात्री झोप नाही, फिट्स येतात, त्याच्या आईला हा विचार दूरचा वाटू शकतो. तिचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. पण त्या विचारातला एक भाग प्रत्येक घराच्या कामाचा आहे: हात फडफडवणं थांबवण्यात सहा महिने घालवायचे, की दुखलंय कुठे हे सांगायला शिकवण्यात? हे पुस्तक निःसंकोचपणे दुसऱ्या बाजूला आहे.

पंथ कुठलाही असो, वेळ महत्त्वाची. वर्षाचं मूल नावाने हाक मारली तरी वळून बघत नाही. दीड वर्षाचं होऊनही बोटाने चंद्र, कुत्रा, विमान दाखवत नाही. आलेले शब्द दीड-दोन वर्षांच्या दरम्यान नाहीसे होतात. यातलं काहीही दिसलं की थांबायचं नाही. कानाची तपासणी आधी करून घ्यायची, कारण ऐकू न येणारं मूलही असंच वागू शकतं. ‘याचा बापही चार वर्षांनी बोलला’ हे वाक्य मराठी घरात प्रेमानेच बोललं जातं, आणि त्याच प्रेमापायी मुलाची दोन वर्षं जातात. मुलींच्या बाबतीत उशीर आणखी होतो. शांत बसणारी मुलगी कुणाला खटकत नाही. पहिल्या मुलाला ऑटिझम असेल तर पाठच्या भावंडावर जन्मापासून लक्ष ठेवावं. सुमारे पाचांपैकी एका धाकट्या भावंडात तो आढळतो.

निदान करणारा माणूस पुण्यात असला तरी शंका घेणारा माणूस गावात हवा. त्यासाठी यंत्रणा कागदावर चांगली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात आणि विकासात मागे पडणाऱ्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली: ताईने ओळखायचं, सामावून घ्यायचं, पुढे पाठवायचं. प्रत्यक्षात ताईकडे पोषण आहार, नोंदवह्या, मोबाईल ॲप यांचा ढीग असतो आणि न बोलणाऱ्या मुलाशी काय खेळायचं हे तिला सविस्तर कुणी शिकवलेलं नसतं. शिवाय या पट्ट्यात ऊसतोडीच्या हंगामात बीड, अहिल्यानगरहून येणाऱ्या टोळ्यांची मुलं असतात. त्यांचं नाव एका गावच्या अंगणवाडीत, मूल दुसऱ्या गावच्या फडावर. पथक येतं तेव्हा ती मुलं तिथे नसतात. याइतकी उघड आणि याइतकी दुर्लक्षित गोष्ट दुसरी नाही.

कायद्याने बराच पल्ला गाठला आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. ऑटिझमच्या मोजमापासाठी सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने बनवलेली ४० मुद्द्यांची भारतीय श्रेणी वापरली जाते. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे ओळख-कार्ड काढलं की निरामय योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळू शकतं. ४० टक्क्यांहून कमी नसलेलं दिव्यांगत्व असेल तर वयाच्या सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला. तरी प्रमाणपत्र काढायला अनेक घरं कचरतात. एकदा शिक्का बसला की पुसणार नाही, थोरल्या बहिणीच्या लग्नात आडवा येईल, ही धास्ती खरी असते आणि तिची टिंगल करून ती जात नाही. ज्या घराने कार्ड काढलं त्यानेच शेजारच्या घराला समजावलं, तर जास्त पटतं.

प्रश्न किती घरांचा? भारतातल्या पाच भागांत, त्यांत गोवाही होता, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ऐकणं, पाहणं, बोलणं, आकलन, फिट्स, हालचाल, ऑटिझम असं सगळं धरून साधारण आठांपैकी एका मुलाला मेंदूविकासाशी निगडित एखादी अडचण होती. ऑटिझम शंभरात एकाच्या आसपास. म्हणजे मोठ्या गावात हे एखाद्या दुर्दैवी घराचं खासगी दुःख नाही. प्रत्येक आळीत कुठे ना कुठे ते आहे. आणि अनेकदा एकाच मुलात दोन-तीन अडचणी एकत्र असतात, म्हणूनच पुस्तकाने ऑटिझमबरोबर इतर विशेष गरजांनाही जागा दिली आहे.

जाहिराती मात्र गावात फार लवकर पोचतात. स्टेम सेलने ऑटिझम बरा करण्याची आश्वासनं ऐकून जमिनीचा तुकडा विकायला निघालेल्या घरांना एकच सांगायला हवं: हा उपचार सिद्ध झालेला नाही, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो नियमित उपचार म्हणून देता येत नाही. अंगारा-धुपाऱ्याबद्दल पुस्तकाचा सूर सौम्य आहे. देवाला नवस बोलायचा तर बोला, पण कानाची तपासणी पुढे ढकलू नका, आणि मुलाला उपाशी ठेवणारा, चटके देणारा, मारणारा कोणताही उपाय घरात येऊ देऊ नका.

वर्तमानपत्रांना यशाच्या कथा आवडतात, आणि त्या हव्यातही. मुंबईची जिया राय ही ऑटिझम असलेली मुलगी २०२१ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर पोहली आणि २०२४ मध्ये तिने इंग्लिश खाडी पार केली. पण अशा बातम्या वाचून काही आया मुलात कुठला तरी दैवी गुण शोधत बसतात आणि तो सापडला नाही की अधिकच खचतात. बहुतेक मुलांमध्ये असा गुण नसतो, जसा तो बहुतेक इतर मुलांतही नसतो. चार वर्षांच्या मुलाने स्वतः पाण्याचा तांब्या मागणं हे या पुस्तकाच्या दृष्टीने मोठं यश आहे.

आता पुस्तकाच्या आवाक्याविषयी. खेड्यातलं घर म्हणजे नुसती उणीव, असं हे पुस्तक मानत नाही. गोठ्यातला दिवस ठरलेल्या क्रमाने चालतो: धार काढायची, कॅन भरायचा, डेअरीला जायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. ठरलेल्या क्रमाची ओढ असणाऱ्या मुलाला याहून चांगलं वेळापत्रक कोण देणार? ओटी सेंटरमधला झोका लिंबाच्या फांदीला बांधता येतो. पाण्याची बादली उचलून नेणं, पोतं ढकलणं अशा जोर लागणाऱ्या कामांनी काही मुलांचं अंग शांत होतं. कांदा लहान-मोठा निवडणं हा वर्गीकरणाचा उत्तम धडा आहे. संवादाची चित्रं काढायची तर त्यांत सँडविच कशाला, भाकरी, चहा, झोळी, आजी ही चित्रं हवीत. आणि बोलायचं ते घरच्या मराठीत. मुलाशी फक्त इंग्रजी बोला, असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. त्याला संशोधनाचा आधार नाही, आणि ज्या भाषेत आजी लाड करते ती भाषा तोडून कुठलंच मूल बोलकं होत नाही.

पण खेड्यातले धोकेही पुस्तकाने लपवलेले नाहीत. ऑटिझम असलेली मुलं न सांगता घरातून निघून जातात; अमेरिकेतल्या २०१२ च्या एका मोठ्या पाहणीत चार वर्षांपुढच्या जवळपास निम्म्या मुलांनी निदान एकदा तरी तसा प्रयत्न केलेला आढळला. अशा अनेक मुलांना पाण्याची ओढ असते. केडगावच्या परिसरात विहिरी आहेत, शेततळी आहेत, कालवा आहे, रेल्वेरूळ आहेत, गुऱ्हाळावर उकळत्या काकवीच्या कढया आहेत. शहरी पुस्तकांत यातला एकही शब्द सापडत नाही. इथे त्यावर सर्वांत जास्त पानं आहेत: वस्तीवरच्या प्रत्येक घराला मुलाची ओळख करून देणं, दाराला वरची कडी, शेततळ्याला कुंपण, हातात नाव-पत्त्याचं कडं, आणि पोहायला शक्य तितक्या लवकर शिकवणं.

एकत्र कुटुंबाविषयीही पुस्तकाने भाबडेपणा केलेला नाही. पाच जण सांभाळायला असतात तसे पाच जण पाच सल्ले द्यायलाही असतात. आई आठवडाभर बसून ‘दे’ म्हणायला शिकवते आणि आजोबा मायेने न मागताच हातात बिस्कीट देतात. म्हणून काही भाग मुद्दाम आजी-आजोबांसाठी मोठ्या अक्षरात छापला आहे. वडिलांसाठी वेगळा भाग केलेला नाही. सगळं पुस्तक त्यांच्यासाठीही आहे आणि रात्री जागण्याच्या पाळ्या त्यांनीही घ्याव्यात, एवढी अपेक्षा त्यात सरळ मांडली आहे. इतर भावंडांच्या वाट्याला येणारं एकटेपण, आईची झोप, नवरा-बायकोतला अबोला हे विषयही टाळलेले नाहीत.

हे पुस्तक सहा वर्षांखालच्या मुलांपुरतं आहे. शाळेतले पुढचे प्रश्न, वयात येणं, अठरानंतरचं पालकत्व आणि आईबापांमागे कोण, हे सगळं इथे नाही. निदान करण्याचं काम ते करत नाही आणि औषधं सुचवत नाही. ज्यांच्या घरात मूल दोन वर्षांच्या आत आहे त्यांनी खेळ आणि संवादाचा भाग आधी वाचावा, बाकीचं सावकाश. ज्यांचं मूल चालायला लागलं आहे आणि घर विहिरीजवळ, कालव्याजवळ किंवा रुळाजवळ आहे, त्यांनी सुरक्षिततेची पानं आजच वाचावीत. अंगणवाडीच्या ताईने एक प्रत अंगणवाडीत ठेवावी आणि पालकांना घरी न्यायला द्यावी.